वालूर उत्तर देत नाही

अश्वे,

तुझ्या आईनं मला त्या मशीनमधून तुझे फोटो काढून मागितले. ते मला जमलं नाही, हे आधी सांगते. बाकीचं मागून.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. "तिच्याविषयी तूच लिही उषा, तूच जवळची होतीस," म्हणाले. जन्म, शिक्षण, गुण, स्वभाव असं क्रमानं लिहायचं असतं म्हणे. मी बसले खरी, पण "ती" असा शब्द लिहिताच येईना. "ती फार हुशार होती" एवढं लिहिलं आणि खोडलं. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "होती म्हंजे? आता न्हाई का?" म्हणून तुलाच लिहिते. छापायचं की नाही ते सर बघतील.

तेराव्याला मी तुझ्या घरी आले होते. परभणीहून पॅसेंजरनं सेलू, तिथून काळीपिवळीनं वालूर. तू किती वेळा म्हणाली होतीस, "एकदा चल की गं आमच्याकडं, आई धपाटे करील." मी दर वेळी पुढच्या सुट्टीवर ढकलायचे. आले ती अशी.

तुझं मशीन घरी कसं पोचलं हे तुला माहीत नसेल. तू गेल्यावर तुझा दादा होस्टेलवरचं सामान न्यायला आला. गादी, पेटी, बादली. मग तो लॅबमध्ये गेला. प्रोजेक्टसाठी तू घरून आणलेलं ते त्याचंच जुनं कॉम्प्युटर ना. लॅबच्या चाव्या सांभाळणाऱ्या गफूरचाचांना त्यानं विचारलं, आणि चाचांनी स्वतः वायरी काढून, पुसून ते त्याच्या हातात दिलं. नंतर मला म्हणाले, "बच्ची की चीज हाय, घरवाल्यांपाशी असावी. मी चुकलो का बेटा?" मी म्हणाले, "नाही चाचा." चालू मशीन होतं ते. अर्ध्या कॉलेजचं नेट त्याच्यावर होतं. पण त्यांचे डोळे बघून मला ते सांगता आलं नाही.

अंक वाचणाऱ्यांसाठी थोडं समजावून लिहावं लागेल. तू हसू नकोस.

कॉलेजच्या नेटला जो कुणी जोडतो, त्याच्या फोनला आधी एक नंबर लागतो, म्हणजे आलेली माहिती कुणाकडे पाठवायची ते कळतं. हे नंबर वाटण्याचं काम डीएचसीपी सर्व्हरचं. आणि आपण वेबसाइटचं नाव टाकलं की ती कुठल्या नंबरवर आहे हे शोधून देतो तो डीएनएस. आपल्याकडे ही दोन्ही कामं लॅबमधलं एकच म्हातारं मशीन करायचं. ते बसलं की सगळं कॉलेज बसायचं. फॉर्म भरायच्या दिवसांत तर हमखास. आपलं प्रोजेक्ट एवढंच होतं की एकाच्या जागी दोन असावीत. एक लॅबमध्ये, एक लायब्ररीत, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या लाइटवर. नंबर अर्धे अर्धे वाटून घ्यायचे आणि दोघांनी सतत एकमेकांना विचारत राहायचं, आहेस का? आहे. आहेस का? आहे.

लॅबमधल्या मशीनचं नाव तू वालूर ठेवलंस. लायब्ररीतलं माझं. माझं गाव मानवतच्या पुढं आडवळणाला, त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. तूच म्हणालीस, "मानवत लाव, जरा मोठं वाटंल." तेव्हापासून चाचा सकाळी दारातूनच विचारायचे, "वालूर उठा क्या? मानवत सो रहा क्या?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजी शब्द तोंडात आला की वाटायचं, हा कुणाचा तरी आहे, आपण उचलून आणलाय. सरांनी काही विचारलं की मी वहीत बघत बसायचे. तेव्हा तू टेबलाखाली माझ्या पायावर पाय द्यायचीस. चांगला जोरात. मी "आ" करायचे आणि त्या "आ"मधूनच उत्तर सुरू व्हायचं. सर म्हणायचे, "उषा, उत्तर देताना एवढी कळवळतेस कशाला?" बाहेर आल्यावर मी तुला शिव्या घालायचे. धन्यवाद कधी म्हटलं नाही. मैत्रिणीला कोण म्हणतं?

आपलं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून व्हायचं. एक मशीन गप्प झालं तर दुसऱ्यानं काय समजायचं? मानवतला वालूरचं उत्तर आलं नाही, याचे दोन अर्थ निघतात. वालूर बंद पडलं असेल. नाही तर मधली तार तुटली असेल आणि वालूर पलीकडं ठणठणीत असेल, आपल्या वाट्याचे नंबर वाटत असेल. कुठलं खरं ते मानवतला कळत नाही. म्हणून ते फक्त स्वतःच्या वाट्याचे नंबर देतं आणि वालूरच्या वाट्याला हात लावत नाही. मी म्हणत होते, काही वेळ वाट बघून त्यानं आपोआप समजून घ्यावं की जोडीदार गेला, आणि सगळं हाती घ्यावं. तशी सोय असते. आपण ती लावलीही होती.

आणि त्याच आठवड्यात उंदरानं मधली तार कुरतडली. दोन्ही मशीनं चालू, दोघांनाही वाटलं दुसरं मेलं, आणि दोघांनी एकमेकांचे नंबर वाटून टाकले. तार जोडली तेव्हा एकेका नंबरवर दोघं दोघं बसलेले. सरांची ऑनलाइन मीटिंग चालू होती आणि त्यांच्या नंबरवर बीकॉमच्या कुठल्याशा पोराचा फोन. सर आपले "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" करत राहिले, आणि तू कपाटामागं तोंडात ओढणी कोंबून हसत होतीस.

हसून झाल्यावर तू ती सोय काढून टाकलीस.

"एका उंदरापायी?" मी म्हणाले.

"उंदीर काय एकच आसतो का गं?"

"आन आपण दोघीबी गावाला आसलो तर? कोण सांगणार त्याला?"

"जे कोणी हजर आसंल ते सांगंल. जित्या-मेल्याचं मशीनवर सोडायचं न्हाई, उषे. जाऊन डोळ्यानं बघायचं, मंग सांगायचं."

"लय शाणी."

"हायेच."

सांगायचं म्हणजे दोनच शब्द टाइप करायचे असतात. पार्टनर डाउन. जोडीदार गेला. ते मिळाले की उरलेलं मशीन सगळं काम आपल्याकडं घेतं. तोपर्यंत नाही. हे भांडण आपलं मिटलं नव्हतं. तू फक्त आधी कीबोर्ड गाठला होतास.

दिवाळीनंतर तू घरी गेलीस. "चार बोंडं येचून येते," म्हणालीस. मग मेसेज आला की ताप आहे. मग मेसेज थांबले. फोन लावला की बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. घरात रेंज नसते, माळवदावर चढून बोलावं लागतं, हे तूच मला सांगितलेलं. मी समजले, अंगात ताप असताना कशाला चढेल वर. वर्गात सगळ्याच असंच समजल्या. तू तेव्हा वालूरला नव्हतीसच. तुला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. आम्हाला कळलं ते वर्गाच्या ग्रुपवर. तुझा हॉलतिकिटाचा फोटो, दोन्ही बाजूंना समया, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तो फोटो तुला मुळीच आवडत नव्हता. त्यात तू कुणाची तरी मावशी दिसतेस, असं म्हणायचीस.

आई-आबा ऊसतोडीला गेलेत, पार तिकडं कारखान्यावर. आईचा फोन रविवारी येतो आणि ती दर वेळी विचारते, "अश्विनी काय म्हणती?" तुम्ही दोघी कधी भेटला नाहीत, पण माझ्या फोनवर तूच तिच्याशी जास्त बोलायचीस. त्या रविवारी मी म्हणाले, "बरी हाय. गावाला गेलीया." पुढच्या रविवारीही तेच म्हणाले. तिला फसवायचं नव्हतं मला. दुसरे शब्द तोंडात येतच नव्हते. ते म्हटले की खरं होईल, असं काहीतरी वाटत असावं. मला नीट सांगता येत नाही.

आता फोटोंचं.

तुझ्या आईनं, काकूंनी, मशीन बैठकीत ठेवलं होतं, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी. ओल्या फडक्यानं सगळं पुसलेलं, पण दसऱ्याला तू त्याला लावलेलं हळदकुंकू तेवढं राखलेलं. दादानं ते टीव्हीला जोडून तयार ठेवलं होतं. शेजारच्या बायका येऊन बसल्या होत्या. सगळ्या माझीच वाट बघत होत्या.

"लाव माय," काकू म्हणाल्या. "दाव आमाला तिला."

मी बटण दाबलं. काळा पडदा आला आणि त्यावर पांढरी अक्षरं.

"हे काय गं?"

"काकू, ह्यात फोटो न्हाईत."

"आसं कसं? सुट्टीला आली तरी म्हणायची, आई, माझं मशीन तिकडं एकलंच चालू हाय. फोटो नसतील तर आवाज आसंल. काई बोललेली, हासलेली?"

"न्हाई काकू."

मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरीला उघडाया येईना वाटतं."

"येतंय तिला," काकू तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "अश्वी सांगायची, उषाला समदं येतंय." आणि मग मला, हळू आवाजात, "मंग काय हाय गं ह्यात?"

माझ्या फोनमधले तुझे होते तेवढे फोटो मी दादाला आधीच पाठवले होते. पण काकूंना त्या डब्यातलं हवं होतं. तू ज्याच्यापुढं बसायचीस, त्यातलं. मग मी तू लिहिलेली फाइल उघडली. म्हणाले, "काकू, हे तिनं लिहिलंय."

काकू उठून टीव्हीपाशी गेल्या. "कोणतं? कुठून कुठवर?"

मी बोट फिरवून दाखवलं.

"वाच."

अश्वे, मी वाचलं. सेटिंगची फाइल ती. सगळी इंग्रजीत, महिरपी कंस आणि अर्धविराम. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. मी मुख्य आहे. माझा नंबर हा. माझ्या जोडीदाराचा नंबर हा. त्याचं उत्तर आलं नाही तर इतका वेळ थांबायचं. अर्धे माझे, अर्धे त्याचे. काकू पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, पोथी ऐकावी तसं. मगाची म्हातारी तर हात जोडून बसली होती. हे तू बघायला हवं होतंस. आपण दोघी नंतर आठवून आठवून हसलो असतो.

"जोडीदार कोण?" काकूंनी विचारलं.

"लायब्ररीतलं मशीन, काकू. माझ्याकडचं."

"मंजी तू."

त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कडेला एक ओळ उमटली. मग तीच पुन्हा. मग पुन्हा. वालूर मानवतला हाक मारत होतं आणि मानवतकडून उत्तर येत नव्हतं. त्याच्या बाजूनं बघितलं तर गेलेली मी होते.

"काय म्हणायलंय ते?" काकूंनी विचारलं.

"काई न्हाई. चालू हाय म्हणतंय."

निघताना मी ते बंद करायला हात पुढं केला. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्याचा आवाज येतोय तेवढा येऊ दे." आतल्या पंख्याचा आवाज. मी तसंच ठेवून आले.

म्हणजे तुझ्या बाबतीत नुसती तार तुटलेली नाही. मी जाऊन डोळ्यांनी बघून आले. तुझं म्हणणं होतं ना, आधी बघायचं. बघितलं. आणि तरीही परत आल्यावर मी ते दोन शब्द टाइप केले नाहीत.

नावांचं काम मी आल्याआल्या उरकलं. नावांची मूळ यादी वालूरवर आणि मानवतवर तिची नक्कल. मूळ फार दिवस दिसलं नाही की नक्कल स्वतःहून उत्तरं द्यायचं थांबवते. मी नकलेलाच मूळ करून टाकलं. हात अडखळला नाही, कारण त्यात तुझ्याविषयी काही म्हणावं लागत नव्हतं.

नंबरांचं राहिलं. इकडं लायब्ररीत फॉर्मची गर्दी. मानवतच्या वाट्याचे नंबर सकाळीच संपायचे आणि मग पोरी दारात फोन वर धरून उभ्या. शेवटची तारीख जवळ आलेली. सर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

"उषा, मला कळतं," म्हणाले. "पण तुला होत नसेल तर तसं सांग. मी बाहेरचा माणूस बोलावतो. तो हे सगळं काढून विकतचा एक डबा बसवून देईल."

"नको सर."

"मग?"

"करते."

दुपारी बसले. पहिला शब्द टाइप केला आणि पुसला. परत केला. तुझा फार राग आला मला, अश्वे. तू ती सोय काढली नसतीस तर मशीननं हे केव्हाच परस्पर उरकलं असतं, मी वर्गात असताना, नाही तर जेवत असताना. मला नंतर नुसतं दिसलं असतं की झालंय. तू हे माणसावर ठेवलंस आणि तो माणूस मी निघाले. तुला म्हणायचं होतं ते बरोबरच असेल. पण जिनं हे टाइप करायचं, तिचं काय होतं, हे आपण दोघीही त्या भांडणात एकदाही बोललो नाही.

एंटर दाबलं. नक्की का, असंही त्यानं विचारलं नाही. वालूरनं शेवटी दिलेल्या नंबरांची मुदत संपू द्यावी लागते, तेवढा वेळ ते थांबलं. मग तुझ्या वाट्याचे नंबर वाटायला लागलं.

"आलं गं, आलं!" दारातून एक ओरडली आणि सगळ्या आत घुसल्या. बाकांवर जागा उरली नाही. माझ्याशेजारी पहिल्या वर्षाची एक पोरगी टेकली. म्हणाली, "ताई, काय झालतं?"

"एक मशीन गेलं होतं."

"मंग आता?"

"आता एकावरच चालू आहे."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि फॉर्म भरायला लागली. तिचं काही चुकलं नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, तेव्हा तिनं फोन जरा पलीकडं वळवला. मी तिचा पासवर्ड बघतेय असं तिला वाटलं असावं.

मी उठून बाहेर व्हरांड्यात आले आणि आईला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती आधीच घाबरली.

"काय झालं गं? बरी हायस का?"

मागं फडातला आवाज येत होता. कोयते, आणि कुणीतरी बैलावर ओरडत होतं.

"आई, अश्विनी वारली."

मला वाटलं, फोन कटला.

"आई?"

"हाय." मग, "कवा?"

मी सांगितलं.

"आन तू मला ऐतवारी..." तिनं पुढचं सोडून दिलं. "जेवलीस का?"

"न्हाई."

"कोण हाय तुझ्यापशी?"

मी मागं वळून बघितलं. लायब्ररी खिडक्यांपर्यंत भरली होती.

"कोणी न्हाई," मी म्हणाले.

"फोन ठिवू नकू," आई म्हणाली. "मला मोळ्या बांधायच्यात, मुकादम बघायलाय. पर तू ठिवू नकू. आसाच धर."

तिनं फोन कुठंतरी पदरात खोचला असणार. पाचट सरकल्याचा, कोयत्याचा, तिच्या धापेचा आवाज येत राहिला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मग तोही थांबला. रेंज गेली असेल. मी फोन कानावरून काढला नाही.